अनुभव धागा: लंकेतली थंडी (नुवारा एलिया आणि आसपास)

बयोची_लेक

काल पोटमाळा काढला. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे कोणी सांगितलंय, पण दिवाळी तोंडावर आली. सगळ्यात खालच्या बॅगेत आईचा मरून रंगाचा स्वेटर निघाला आणि पुढचा अर्धा तास काम बंद.

स्वेटर नुवारा एलियाच्या बाजारातला. २०१४, फेब्रुवारी. आईला श्रीलंका बघायची होती, म्हणजे खरं तर अशोकवन. मी म्हटलं गरम कपडे घे, डोंगरावर जातोय. "लंकेत कसली गं थंडी? मारुतीनं जाळून ठेवलीय ती." कोलंबोत घामाच्या धारा लागल्या तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली, बघ म्हणून. कँडीलाही ठीक होतं. मग गाडी चढत चढत संध्याकाळी नानू ओयाला पोचली (स्टेशन तेच, गावात रेल्वे जात नाही) आणि फलाटावर पाय ठेवल्याठेवल्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं की थंडी मीच डब्यात भरून आणलीय. तिथून गाव ८ किमी. व्हॅनमध्ये माझ्या दोन ओढण्या कानांना गुंडाळून बसली होती.

दुसऱ्या दिवशी आधी बाजार. तिथे गरम कपड्यांची दुकानंच दुकानं. बाई तमिळमध्ये भाव सांगतेय, आई मराठीत घासाघीस करतेय, दोघी खूश. मग सीता एलियाचं देऊळ. रस्त्याच्या कडेला आहे, गावापासून ५ किमी, हकगला बागेच्या जरा अलीकडे. दाक्षिणात्य पद्धतीचं, रंगीत, छोटं. मागे ओढा, आणि ओढ्याकाठच्या खडकावर खळगे, ती मारुतीची पावलं म्हणे. आई आधी म्हणाली, "एवढंसंच?" मग खाली उतरून ओढ्यात हात घातला आणि पटकन मागे घेतला. "एवढ्या गार पाण्याशी ती बाई राहिली कशी?" बाकी काही बोलली नाही. परतताना व्हॅनमध्येही नाही.

स्वेटरच्या खिशात एक तेलकट कागद निघाला. एल्लाच्या गाडीत वडे घेतले होते त्याचा. तिकडे वडे-शेंगदाणे मुलांच्या जुन्या वह्यांच्या पानात बांधून देतात. हा गणिताच्या वहीचा. आईनं का ठेवला काय माहीत.

कोणी गेलंय का तिकडे? लिहा. डोंगरावरचं दुसरं कुठलं गाव असलं तरी चालेल.

डोंबिवली_फास्ट_नाही

गेलोय!! आणि फसलोय. टूरवाल्याने ऐटीत सांगितलं एसी फर्स्ट क्लास दिलाय सर. चार तास काच बंद. बाहेर चहाचे मळे, धबधबे, बोगदे आणि आम्ही आपले काचेवरच्या डागातून फोटो काढतोय. जाणाऱ्यांनी सेकंड किंवा थर्डचं रिझर्वेशन घ्या, खिडक्या उघडतात.

परदेशी पोरंपोरी दारात लटकून फोटो काढत होती. बायको म्हणाली तू पण जा. म्हटलं २२ वर्षं रोज लटकतोय, सुट्टीत पण?

खादाड_गिरगाव

@डोंबिवली 😂😂

वड्यावर अख्खी कोलंबी चिकटवलेली असते तोच ना? इस्सो वडे. कोलंबीचं डोकं-मिशा सगळं तसंच असतं, वरून लिंबू-कांदा. मी सात खाल्ले. हिने मोजले.

सकाळी इंडिअप्पा (आपल्या शेवयाच, पण तांदळाच्या, वाफवलेल्या) आणि पोळ संबोळ, म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू. शाकाहारींनी आधी विचारा, त्यात बहुतेकदा मालदीवचा सुका मासा कुटून घालतात. आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी दोन वाट्या खाल्ल्यावर कळलं. मग म्हणाल्या, आता कळलंच आहे तर तिसरी द्या.

आणि कवठाचं सरबत!! दिवुल म्हणतात. आपल्याकडे कवठ फक्त महाशिवरात्रीला आठवतं.

शिवडीची_सई

कवठाच्या चटणीत गूळ किती घालता कोणी सांगेल का? माझी दरवेळी तुरट होते

खादाड_गिरगाव

कवठ कच्चं असणार. आपटून बघा, टणकन उडलं तर कच्चं.

कळसूबाईचा_जावई

थोडं भूगोलाचं. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर उभे राहिलात तरी त्या गावचा भाजीबाजार तुमच्या डोक्यावर २२२ मीटर. विषुववृत्तापासून जेमतेम ७ अंश असूनही थंडी का, तर दर किलोमीटर चढाईला साधारण साडेसहा अंश उतरतात. कोलंबोत ३० असेल तर तिथे १८, आणि पाऊस असला की अजून खाली. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे गवतावर दंव गोठतं.

गावाच्या डोक्यावरचा पिदुरुतलागला २,५२४ मीटर, देशातला सर्वांत उंच डोंगर. माथ्यावर प्रक्षेपणाचे मनोरे आहेत.

अगंबाई_अरेच्चा

भाजीबाजार डोक्यावर 😆

आम्ही माथेरानच्या पुढे गेलो नाही कधी. तिथेही सासूबाई स्वेटर न घेता आल्या होत्या.

पानं_दोन_कोंब_एक

भाजीवरून आठवलं. गावात शिरताना लीकचा वास येतो, म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. गाजर, बीट, कोबी, लीक, सगळं रस्त्याकडेला रचून ठेवलेलं, धुऊन चकचकीत. आमच्या ड्रायव्हरने घरी न्यायला तीन जुड्या घेतल्या आणि पुढचे दोन दिवस आमच्या बॅगांना लीकचा वास.

चहाचा कारखाना जरूर बघा. पाती आधी लांबच लांब हौदांवर पसरून पंख्याने सुकवतात, मग वळतात, मग नुसती पसरून ठेवतात तेव्हा ती हिरव्याची तांबूस होते, मग भट्टी. साडेचार किलो ओल्या पातीचा एक किलो चहा. वास असा की नाकातून तीन दिवस जात नाही.

तिथून आणलेला भारी चहा मी घरी आलं-दूध घालून खळखळ उकळला. सासरे म्हणाले, गरम पाणी छान झालंय. आपल्या कटिंगला आसामची बारीक सीटीसी भुकटीच पाहिजे, हा चहा नुसता पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून प्यायचा. गुळाचा खडा तोंडात धरून, तिकडच्यासारखा.

लालबाग_ते_लंका

मी जरा वेगळं लिहितो, कोणाचा मूड घालवायचा नाही.

आजोबा गिरणीत, आमची खोली १० बाय १२. मळ्यात फिरताना आमच्या गाईडने (तोही मळ्यातलाच, तमिळ) त्याच्या मामाच्या घरी नेलं. पत्र्याची लांब ओळ, एकाला एक चिकटून खोल्या, पुढे अरुंद ओटा. "लाइन" म्हणतात. विचारलं खोली केवढी. १० बाय १२. मी हसलो, त्याला कळेना का हसतोय. दारात चपला, ओट्यावर कळशा, वर दोरीवर कपडे. आतून मिसरीचा डबा घेऊन आजी बाहेर येईल असं वाटलं.

तिथे आधी कॉफी होती. १८६९ नंतर पानांवर तांबेरा पडला आणि कॉफीचे मळे बसले. त्याआधीच, १८६७ ला, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलेकोंदेराला १९ एकरात चहा लावून ठेवला होता, तो पुढे सगळ्या डोंगरावर पसरला. कामाला माणसं तमिळ मुलखातून नेली. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यातल्या बहुतेकांना कुठलाच देश उरला नाही. १९६४ ला शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावोबाईंचा करार झाला, त्यात लाखो लोक भारतात पाठवायचे ठरले. मामाचा एक भाऊ तसा गेला, कोइमतूरकडे. दोघं परत भेटले नाहीत.

मामी पाती खुडायला जाते. रोजचं वजन ठरलेलं, १८ किलो. पाती किलोत मोजून बघा एकदा, पिशवीभर पातीला वजनच नसतं. तिची बोटं बघितली, टोकं काळी पडलेली आणि नखांच्या कडेला चिरा. तिने आम्हाला चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, साखर ठासून घातलेला. सगळ्या सहलीत तो एकच चहा आपल्यासारखा लागला.

बयोची_लेक

@लालबाग मूड कसला घालवताय. लिहीत जा.

अगंबाई_अरेच्चा

आमच्या पण काळाचौकीच्या खोलीचं माप तेच. आता तिथे टॉवर आहे.

लालबाग_ते_लंका

काळाचौकीला कुठे?? गणपतीच्या गल्लीत का

अगंबाई_अरेच्चा

तिथे नाही, बाजाराच्या मागे. विपू (विचारपूस) करते.

रेडिओवाले_काका

सिलोन म्हणजे आमच्यासाठी बुधवार रात्रीचे ८, रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला. चाळीत रेडिओ एकाच घरी, आणि त्या घरच्या मुलीचं स्थळ सगळ्या पोरांना पसंत. यापुढे आवाज कोलंबोहून यायचा याचं आम्हाला काही नवल नव्हतं. २०१७ ला हिला घेऊन गेलो तेव्हा विमान अडीच तासांत पोचलं. घड्याळही बदलावं लागलं नाही, आपलीच वेळ. मला उगाचच वाटत होतं लांब असेल.

नुवारा एलियाला लाल विटांचं पोस्ट आहे, १८९४ चं, मनोऱ्यावर घड्याळ. तिथून स्वतःलाच पत्र टाकलं. आम्ही परत आल्यावर १९ दिवसांनी मिळालं. ही म्हणते कोणाचं आलं, म्हटलं माझंच.

भटका_ठाणे

हॉर्टन प्लेन्सला (तिथल्या पठारावरचं राष्ट्रीय उद्यान) कोणी गेलं नाही का?? पहाटे ४ ला निघालो, टोपी नव्हती, मोजे हातात घातले होते खरं सांगतो. गेटवर बॅगा उघडून प्लास्टिक काढून घेतात, बिस्किटं कागदी पिशवीत घालून देतात. आपल्या गडांवर हे करा रे कोणीतरी. ९ किमीची गोल चक्कर, वाटेत सांबर शेळीसारखी उभी. वर्ल्ड्स एंडला कडा सरळ खाली साधारण ८७० मीटर. म्हणे. कारण आम्ही सव्वादहाला पोचलो आणि समोर पांढरा पडदा. ९ च्या आत पोचायचं असतं. ज्याच्यामुळे उशीर झाला तो हा धागा वाचतोय, त्याला माहितीय.

उशीर_झाला_तो

पोट बिघडलं होतं. सात वडे तिकडे फक्त गिरगावकरच पचवतात का

सह्याद्री_वेडी

जळवा लागल्या का? आम्हाला पावसात हकगलाच्या वरच्या बाजूला. मोज्यात मीठ चोळून गेले होते तरी दोन. भीमाशंकरला तंबाखूचं पाणी लावतात ते जास्त चालतं.

आणि थर्मल मुंबईत कुठे मिळतील? डिसेंबरात परत जातेय, ऑनलाइन साइझ कळत नाही

डोंबिवली_फास्ट_नाही

परळला थंडीत तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात तिथे बघा. नाहीतर @बयोची_लेक च्या आईसारखं तिथेच घ्या.

तिकडे ड्रायव्हरांशी क्रिकेट बोलू नका. मी मुंबईचा म्हटल्यावर आमचा म्हणाला, वानखेडे? मी हो म्हटलं. पुढचे ६ किमी गप्प. मग स्वतःच म्हणाला, सर तो शेवटचा सिक्स नसता तरी तुम्ही जिंकला असतात. एवढ्या समजूतदारपणाला काय बोलणार, मीच सॉरी म्हटलं.

शिवडीची_सई

@बयोची_लेक त्या कागदावर काय लिहिलंय? फोटो टाक ना

बयोची_लेक

फोटो अपलोड होत नाहीये, नेट गंडलंय. सांगते. वर सिंहली अक्षरं, ती आपल्याला जिलब्याच. खाली गुणाकार. एक आहे १७ गुणिले ६, पोरानं ९२ लिहिलंय, बाईंनी लाल फुली मारलीय.

आत्ता ट्यूबखाली नीट पाहिलं. फुलीशेजारी निळ्या बॉलपेननं बारीक लिहिलंय, १०२. देवनागरीत. हातचा चार पण वर मांडून दाखवलाय.

आई ३१ वर्षं पालिकेच्या शाळेत होती.

अगंबाई_अरेच्चा

❤️

खादाड_गिरगाव

अगं.

कळसूबाईचा_जावई

स्वेटर धुऊ नका, उन्हात टाका नुसता. कडुलिंबाची पानं ठेवा घडीत, डांबरगोळ्यांचा वास जात नाही.

शिवडीची_सई

कवठ आपटलं. उडलं टणकन.