'आई आली' आणि 'आई आल्या'

नुकतं लग्न झालेली मुलगी फोनवर "आई आल्यात, नंतर बोलते" म्हणाली, तर आलेली बाई तिची सासू. "आई आलीये" म्हणाली, तर माहेरची. ऐकणाऱ्याला आणखी खुलासा लागत नाही. दोघींना हाक एकच, पण एकीला 'अगं' आणि दुसरीला 'अहो'. काही घरांत मैत्रिणींशी बोलताना सासूचं नावच 'अहो आई' पडलेलं असतं.

मुलं आईवडिलांना आणि मोठ्यांना मानाने कशी हाक मारतात हा विषय निघाला, की गाडी बहुधा शब्दांच्या यादीवर जाते: तीर्थरूप, मातोश्री, आबासाहेब, पिताजी. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मराठीत मान हाकेच्या शब्दात कमी आणि क्रियापदात जास्त असतो. आणि मूल हाक स्वतः ठरवत नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी उचलतं. पटतंय का पाहा.

आधी 'वडील'. हा मुळात हाकेचा शब्दच नव्हे. "अहो वडील, जेवायला चला" असं कोणी म्हणत नाही. जुना अर्थ नुसता 'मोठा, थोर'. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात "एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती" अशी ओवी आहे. तिथे बापाचा काही संबंध नाही, गीतेतल्या 'श्रेष्ठ' या शब्दासाठी ज्ञानेश्वरांनी 'वडील' योजला आहे. वडीलधारी, वडीलकी यांत तोच अर्थ टिकून आहे. 'वडील मुलगा' म्हणजे थोरला मुलगा, आणि तो एकवचनात सुखाने नांदतो: "त्यांचा वडील मुलगा आला." पण अर्थ 'बाप' असा झाला की एकवचन बंद. 'माझा वडील' हे व्याकरणाने चुकलेलं वाटत नाही, कानालाच बोचतं. 'माझा बाप' मात्र चालतो, रागातही आणि फार जिव्हाळ्यातही. म्हणजे 'वडील' या शब्दात आदरार्थी बहुवचन मुरलेलं आहे, वेगळं लावावं लागत नाही.

'मातोश्री'चंही तसंच. तो दुसऱ्याच्या आईची चौकशी करायचा शब्द आहे: "मातोश्री कशा आहेत?" स्वतःच्या आईला कोणी स्वयंपाकघरात "मातोश्री, चहा" म्हणालं, तर ती थट्टाच. 'पिताजी' हिंदीतून आलेला. मराठी घरात तो पाहुण्यासारखाच वावरतो.

आता 'तीर्थरूप' आणि 'तीर्थस्वरूप', कारण हे दोन्ही एकच समजून लिहिलेलं नेहमी दिसतं. पत्रलेखनाचा जुना संकेत असा: आपल्या आईवडिलांना तीर्थरूप, आणि त्यांच्या जागी असलेल्या इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. जे तीर्थच आहेत ते आणि जे तीर्थासारखे आहेत ते, असा भेद. संक्षेप 'ती.' आणि 'ती. स्व.' हल्ली दुसरा संक्षेप लिहायची सोय राहिली नाही. वाचणारा 'स्व.' म्हणजे 'स्वर्गीय' समजतो आणि धडधाकट मामांची चौकशी करायला फोन येतात.

याच पत्रांत माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे. मायना असायचा "ती. सौ. आईस शि. सा. न.", म्हणजे तीर्थरूप, सौभाग्यवती, शिरसाष्टांग नमस्कार, सगळं यथासांग. आणि पुढच्याच ओळीत "तुझी तब्येत कशी आहे?" मायन्यात साष्टांग आणि मजकुरात तू. वडिलांच्या पत्रात तसं नाही, तिथे मायन्यापासून सहीपर्यंत 'आपण' नाही तर 'तुम्ही'. मायना दोघांना सारखाच वजनदार, फरक सगळा क्रियापदात. (आईच्या मायन्यात 'सौ.' की 'गं. भा.' यावरून तिचा नवरा हयात आहे की नाही हेही कळायचं. वडिलांच्या 'ती. रा.' वरून तसलं काही कळत नसे. हा मान म्हणायचा की नोंदवही, ते ज्याने त्याने ठरवावं.)

प्रतिसाद १

आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' यात एवढं काय? आई जवळची, वडिलांचा धाक. आमच्या पिढीत वडिलांसमोर बसायची चोरी होती. आता पोरं "ए बाबा, गाडीची किल्ली टाक" म्हणतात आणि बाप टाकतो. तुम्ही याला क्रियापदाची गंमत म्हणा, मी याला मान गेला म्हणतो.

मूळ लेखक

धाकाचं खरं आहे. पण मग आजीचं काय? सुना तिच्यापुढे चळचळ कापायच्या, आणि नातू तिला बिनदिक्कत "ए आजी" म्हणायचा. धाकाने 'तुम्ही' येत असतं, तर आजीला सगळ्यांत आधी मिळालं असतं. आजोबांना मात्र 'तुम्ही'.

मला वाटतं, बाईच्या तोंडी नवऱ्यासाठी 'अहो' होतं म्हणून मुलांच्या तोंडी वडिलांसाठी 'अहो' आलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा 'अहो' हीच हाक. मूल बोलायला शिकतं तेव्हा दिवसभर आईचंच ऐकतं. उलट नवरा बायकोला 'अगं' म्हणणार, मुलांनी आईला 'अगं' म्हटलं. पुढे बायका नवऱ्याला नावाने, 'अरे' म्हणून हाक मारू लागल्या, आणि त्याच घरांत 'ए बाबा' ऐकू येऊ लागलं. मान गेला असेल तर तो मुलांनी घालवलेला नाही. आईबापांनी एकमेकांशी बोलायची रीत बदलली, मुलांनी ती गिरवली.

प्रतिसाद २

हाक उचलली जाते याला आमचं घर साक्ष आहे. आम्ही वडिलांना 'अण्णा' आणि आईला 'वहिनी' म्हणायचो. शाळेत मित्र हसायचे. एकत्र कुटुंब, वडील सगळ्यांत थोरले, धाकट्या काका-आत्यांची हाक 'अण्णा' आणि 'वहिनी', तीच आमची झाली. माझ्या माहितीत वडिलांना 'दादा', 'भाऊ', 'काका' म्हणणारी आणि आईला 'काकू', 'माई', 'अक्का' म्हणणारी घरं आहेत. 'अण्णा', 'अप्पा', 'अक्का' कन्नडमध्येही आहेत. तिथे अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे भावाचा शब्द बापाला लागला, तो असा काका-आत्यांच्या तोंडून.

आता मात्र उलटं चाललंय. माझी नातवंडं माझ्या बायकोला 'आई' म्हणतात, कारण त्यांचा बाप म्हणतो. त्यांच्या आईला 'मम्मी'.

प्रतिसाद ३ (कोल्हापूरकडून)

सासू-सासऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामा' किंवा 'मामंजी' म्हणते. जावई सासऱ्याला 'मामा', सासूला 'मामी'. हे उगाच नाही. मामाची मुलगी करायची पद्धत. त्या लग्नात नवऱ्याची आई ही मुलीची सख्खी आत्याच असते, आणि आत्याचा नवरा तो मामा. पुढे लग्नं नात्याबाहेर होऊ लागली, हाका तशाच राहिल्या. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर १९५३ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात प्रांतोप्रांतीचे असे नात्यांचे शब्द मांडून लग्नाच्या चालींशी त्यांची सांगड घातली आहे. आवड असेल त्यांनी जरूर बघा.

आणि मोठ्या घराण्यांत आईला 'तू' हा तुमचा नियम लागू नाही. तिथे आईसाहेब, आऊसाहेब, आबासाहेब, आणि सगळ्यांना 'आपण'. पाळण्यातल्या पोराला सुद्धा 'बाळासाहेब झोपले का?'

मूळ लेखक

बरोबर, आणि ते माझ्या म्हणण्याला पूरकच आहे. तिथे नोकरचाकर, सरदार, घरातली माणसं सगळीच आईसाहेबांना 'आपण' म्हणतात, मग मूल 'अगं' कुठून उचलणार?

घरातली हाक बाहेर कशी पसरते याला पेशव्यांचं घर घ्या. नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, भाऊसाहेब म्हणजे सदाशिवराव, दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. पाळण्यातली नावं सांगितली तर शाळकरी मुलगा क्षणभर अडखळेल, नाना-भाऊ-दादा म्हटलं की लगेच ओळख पटते. पानिपतावरची बखरही 'भाऊसाहेबांची'. थोरल्या-धाकट्यांच्या हाका इतिहासाने जशाच्या तशा ठेवल्या.

त्याच घरातली सगळ्यांना पाठ असलेली हाक: "काका, मला वाचवा!" ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्या वेळची ही हाक आख्यायिकेने आपल्यापर्यंत पोचवली. ती खरोखर तशीच मारली गेली का हा वाद इतिहासकारांचा. मला तिच्यातलं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. 'वाचव' नाही, 'वाचवा'. गारदी मागे लागले आहेत, मारेकऱ्यांच्या मागे हाच काका आहे, आणि आख्यायिका सांगणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना पुतण्याच्या तोंडी एकवचन घालावंसं वाटलेलं नाही. 'काका' ला 'तुम्ही'च लागतं, मग तो राघोबा का असेना.

प्रतिसाद ४ (अमरावती)

हे सगळं पुण्याकडचं झालं. आमच्या वऱ्हाडात गावाकडे माय आणि बा. "बा, तू जेवला का?" म्हणून कोणाचा मान गेलेला मी पाहिला नाही. बापाचा शब्द खाली पडत नव्हता, हाक एकेरी असली तरी.

प्रतिसाद ५ (मडगाव)

आमच्याकडे कोकणीत ख्रिस्ती घरांतल्या हाका आणखी लहान: पाय आणि माय, आजोबा शापाय, आजी शामाय. मानाची पदवी नाही, 'साहेब' नाही. पण संध्याकाळी तेर्स (घरातली जपमाळेची प्रार्थना) संपला की मुलं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे जाऊन 'बेंसांव' मागतात, म्हणजे आशीर्वाद. पोर्तुगीजातून आलेला शब्द. तुमचा मान क्रियापदात असेल, आमचा त्या मागण्यात असायचा. आता फ्लॅटमध्ये तेर्सच होत नाही म्हणा.

प्रतिसाद ६

अमेरिकेतून लिहिते आहे. मुलीला मराठी येतं, पण 'तुम्ही' हे तिच्यासाठी फक्त अनेकवचन आहे. व्हिडिओ कॉलवर आजोबांना "तू काय करतोयस?" विचारते. आजोबा खूश, मीच मागून "तुम्ही म्हण" म्हणून खुणा करते. एकदा तिने विचारलं, आजोबा एकटेच आहेत ना, मग तुम्ही कोण? मूळ लेखकाचं उचलण्याचं म्हणणं पटलं, कारण ती इथे आजोबांना 'अहो' म्हणणारं कोणाला रोज ऐकतच नाही. आठवड्यातून एका कॉलवर किती उचलणार?

मूळ लेखक

तिचा प्रश्न व्याकरणाच्या तासाला घेण्याजोगा आहे. पण सुट्टीत महिनाभर आजोळी राहिली तर ती 'तुम्ही' न शिकवता उचलेल. खुणांनी जमणार नाही.

प्रतिसाद १ मधल्या 'ए बाबा' बद्दल एक राहिलं. मुली वडिलांना 'ए बाबा' म्हणायला लागल्यापासून एक नवीन गोष्ट घडली आहे. पूर्वी सासरे आणि वडील दोघेही 'अहो'च होते. दोघांना 'बाबा' म्हटलं तर कोणते बाबा हे वेगळं सांगावं लागे: सासरचे की माहेरचे. आता "बाबा आला" म्हणजे वडील, "बाबा आले" म्हणजे सासरे. आईच्या बाबतीत जी सोय कधीची होती, ती बाबांच्या बाबतीत आत्ता झाली. 'तुम्ही' मराठीतून गेलेलं नाही, लग्नाच्या मांडवापलीकडे सरकलं आहे.

आणि तिथेही ते दोन्ही बाजूंना सारखं नाही. सासू सुनेला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणते. जावई सासूपेक्षा तीस वर्षांनी लहान असला तरी त्याला 'अहो', 'तुम्ही', 'जावईबापू'. वयाचा मान म्हणावा तर हिशेब जुळत नाही. जावयाला पहिल्या दिवसापासून सरळ अरेतुरे करणारी घरं कोणाच्या पाहण्यात असतील, तर गाव आणि जावयाला मारायची हाक लिहा.