खचदरीतल्या भ्रंशाचं वय नि वाढ कशी काढायची? सल्ला हवा

कृष्णाकाठ_कराड:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भूशास्त्र, शेवटचं वर्ष. प्रबंधाला पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतले भ्रंश (जमीन तडकून एक बाजू खचते त्या भेगा) घ्यावेत असं मनात आहे. तिथं जाणं होणार नाही. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस येतं, एसआरटीएमचा (अवकाशयानातल्या रडारनं मोजलेला) जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो. भ्रंशाची लांबी मोजून वय काढलं तर चालेल का?

पाटणखोरे:
लांबीवरून वय काढू नकोस. पुष्कळ भ्रंश आपली लांबी लवकर गाठतात आणि पुढं लाखो वर्षं नुसते खचत राहतात. सारख्याच लांबीचे दोन भ्रंश, एक कोवळा नि एक जुनापुराणा, सहज सापडतील. वय थरांनाच विचारायचं. भ्रंशानं कापलेला थर त्या हालचालीच्या आधीचा, वरून अखंड पसरलेला थर नंतरचा. "त्या हालचालीच्या" असं मुद्दाम म्हणतोय. आपल्या कोयनेला 1967 च्या भूकंपात जमीन फाटली ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टवर, पण त्याखालच्या ग्रॅनाइटमधला कच्चा पट्टा त्याहूनही जुना असू शकतो.

मिरजेची_ताई:
दादांचं बरोबर आहे. जागा म्हणशील तर दक्षिण केनियातलं मगाडी खोरं घे. साधारण दहा लाख वर्षांपूर्वीचा ट्रॅकाइट नावाच्या खडकाचा लाव्हा तिथं सपाट पसरला आणि मग भ्रंशांनी त्याच्या पट्ट्या पट्ट्या केल्या. लाव्ह्याचं वय खडकातल्या आरगॉनवरून काढलेलं आहे. समजा हा थर 100 मीटर खचलाय, तर वर्षाला सरासरी 0.1 मिलिमीटर. हा आकडा कमीत कमी धर. खचणं लाव्ह्यानंतर बऱ्याच काळानं सुरू झालं असेल, शिवाय खचलेल्या बाजूला गाळ साठून भ्रंशानं झालेल्या कड्याची खरी उंची झाकली जाते.

वाढीसाठी एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, आणि माझ्या मते प्रबंधाचा जीव इथंच आहे. भ्रंशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठरावीक अंतरावर, भ्रंशाला आडव्या जाणाऱ्या छेदरेषा काढ, प्रत्येक रेषेवर थर किती खचलाय ते मांड. एकसंध भ्रंशात आकडा मधे जास्त आणि टोकांना शून्याकडं जातो. दोन उंचवटे नि मधे खोलगट भाग आला, तर दोन भ्रंश वाढत येऊन जुळलेत असं समज. न जुळलेली टोकं शेजारून पुढं गेलेली असतील तर त्यांच्यामधे लाव्ह्याचा उतार दिसेल, घाटात वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर उतरावं तसा. तो नकाशावर आधी शोध.

कृष्णाकाठ_कराड:
ताई, मगाडीच घेतो. सर रेडिओकार्बनही (कार्बनवरून वय काढायची पद्धत) बघ म्हणालेत.

पाटणखोरे:
रेडिओकार्बन साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालतं, तेही सेंद्रिय अंश असलेल्या गाळाला. तळ्याचा गाळ कापून गेलेल्या अलीकडच्या हालचालींना ते उपयोगी, लाव्ह्याला नाही. आणि एसआरटीएमचा एक चौकोन सुमारे 30 मीटरचा असतो, त्यामुळं बारीक कडे त्यात हरवतात. मोठे भ्रंशच निवड.