तलवार फुटली तर फुटू दे, पण टक्का लिहा!

विश्रामबागकर
आपल्या ऑनलाईन गेममध्ये शस्त्र प्लस एक, प्लस दोन असं वाढवत नेतात. प्रयत्न फसला की ते फुटू शकतं. त्यावर काल इथं वाघनख्याने लिहिलं, "फुटायची भीती नसेल तर प्लस दहाला किंमत काय? ज्यांची फुटते तेच रडतात." हो, माझी फुटली. म्हणूनच सविस्तर लिहितोय.

त्या तलवारीत दीड वर्ष गेलं. लाईट गेली की मोबाईलचं नेट लावून, मारलेल्या शत्रूंकडून पडणारे ड्रॉप गोळा केले. प्लस सहावरून पुढं वाढवायला एन्चांट मारला आणि तलवार गायब, हातात दोन क्रिस्टल. बॉसकडून, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूकडून, शंभरदा मेलोय, त्याचं काही वाटत नाही. तिथं माझा हात चुकलेला असतो. इथं माझं काय चुकलं? यशाचा टक्का कुठंच लिहिलेला नाही. तलवार वाचवणारा कागद मात्र दुकानात रोख पैशाला मिळतो.

वाघनख्या
फुटू शकते हे माहीत असून बटण दाबलंस. रॅग्नारॉक या जुन्या ऑनलाईन गेममध्ये पहिल्यापासून हेच आहे. लेव्हल चारचं शस्त्र प्लस चारपर्यंत सेफ, लेव्हल एकचं प्लस सातपर्यंत. पुढं जायचं तर आपल्या जबाबदारीवर. मी तीन भाले फोडून चौथा केला. तो घेऊन सीजला, म्हणजे किल्ल्याच्या लढाईला, उतरलो तेव्हा अख्खी गिल्ड, आमची टोळी, आनंदानं ओरडली. सगळ्यांकडेच असता तर कोण ओरडलं असतं?

माहुलीची
आधी हिशोब बघा. समजा प्लस तीननंतर दर वेळी तीनात दोनदा यश मिळतं. प्लस तीनपासून दहापर्यंत सात पायऱ्या. सातही सलग लागायची शक्यता ६ टक्क्यांच्याही आत, म्हणजे साधारण सतरा तलवारींमागे एक. वाघनख्या, चौथा भाला टिकला यात तुमचं कसब काय? बाकीच्यांचे फुटले, ते गेम सोडून गेले. ओरडायला तुम्हीच उरलात.

तासगावचा बागायतदार
पोरांनो, कवाधरनं वाचतोय. टक्का लिहिला नाही म्हणून एवढं? आमची द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात. फुलोऱ्यात चार दिवस पाऊस लागला की डाऊनी रोग, घडकूज, बाग साफ. टक्का आम्हाला कोण सांगतंय?

विश्रामबागकर
काका, तुमच्या कष्टाबद्दल मान आहे. पण पाऊस काय पैसे घेऊन पडत नाही.

तासगावचा बागायतदार
औषधवाला घेतो की! ढग आलं की दुकानात रांग. वर इम्याचा हप्ता. पाऊस मोजायचं केंद्र माझ्या बागेपासनं लांब. तिथं कमी नोंदला, माझ्या सरीत गुडघाभर पाणी. एक रुपया आला नाही.

पोवईनाका
काका, आमच्या आल्यात कंदकूज शिरली त्या वर्षी वडिलांनी विम्यासाठी सहा हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी नवा कागद मागायचे. शेवटी त्यांनी तो नादच सोडला. गेममधल्या तलवारीवर रडणाऱ्यांनी एकदा आमच्या रानात यावं.

वाघनख्या
धागा कशाचा, चाललंय काय? शेतीचं रडगाणं दुसरीकडं गा.

माहुलीची
रडगाणं? शब्द मागे घ्या. त्यांच्या पिकावर घर चालतं.

वाघनख्या
बरं, घेतला. पण विषय तलवारीचा होता.

तासगावचा बागायतदार
विषय त्योच हाय. इम्यात किती मिलिमीटरला किती पैसे ते छापलेलं असतं. मिळो न मिळो, आधी वाचता येतं. त्या पोराला तेवढंपण दिलं नाही, हे मला आता कळलं.

माहुलीची
कोरियात २२ मार्च २०२४ पासून असे टक्के जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याआधी जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगानं नेक्सॉन या गेम कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड केला होता. त्यांच्या मेपलस्टोरी गेममधल्या क्यूबच्या, म्हणजे शस्त्रांचे गुण बदलणाऱ्या विकतच्या वस्तूच्या, शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्या होत्या. असं बदलता येत असेल तर "नियम माहीत होते" हे म्हणायचं कुठल्या तोंडानं?

वाघनख्या
टक्का लिहावा. एवढं मान्य, बास. पण फुटणं काढलं तर मी खेळणार नाही.

विश्रामबागकर
फुटणं राहू दे की! वाचवणारा कागद तेवढा बॉसकडून मिळू दे, दुकानातून नको. याला हो म्हणतोस?

वाघनख्या
नाही. मग सर्व्हरचा खर्च कोण देणार?

विश्रामबागकर
कपडे विका, घोडे विका, तलवारीचे रंग विका. मी स्वतः घेईन. फुटायची भीती विकू नका.