थॉरचा हातोडा आणि शिंगांचा प्रश्न (बालनाट्य ग्रुप)

बी-३०२: नमस्कार. आपल्या नाटकाची गोष्ट आठवते ना? राक्षस थ्रिम नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणांतल्या थॉर देवाचा हातोडा पळवतो, बदल्यात फ्रेया देवी नवरी म्हणून मागतो; मग थॉरच नवरीच्या वेशात जातो आणि खोडकर लोकी करवली होतो. काल रात्री टाकलेले प्रॉपर्टीचे फोटो पाहिले. हातोड्याला तीन फुटी दांडा, शिरस्त्राणांना शिंगं, आणि निवेदनात "थॉरचा भाऊ लोकी". यातलं काही नको असं रविवारी ठरलं होतं ना? तेव्हा सगळे हो म्हणाले होते.

सी-१०४: वहिनी, मुलांना सिनेमातलाच थॉर माहीत आहे. हातोडा तसा नसेल तर ओळखणार कोण?

बी-३०२: दांडा आखूड आहे हीच तर गोष्ट आहे, दादा. हातोडा घडत असताना ब्रोक नावाचा बुटका भाता मारत होता. लोकी माशी होऊन त्याच्या पापणीला डसला, रक्त डोळ्यात उतरलं, माशी हाकलताना भाता क्षणभर थांबला आणि दांडा तोकडा राहिला. शिवाय शेवटच्या प्रवेशात हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवायचा आहे. तीन फुटी दांडा मांडीवर राहणार कसा?

ए-४०१: शिंगं नकोत. थॉरला मानणाऱ्या व्हायकिंग दर्यावर्दींच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी डोप्लरने वेशभूषा केली, तिथून ही कल्पना रुजली. नॉर्वेत येर्मुनबूला १९४३ साली सापडलेलं शिरस्त्राण बघा: गोल लोखंडी टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी.

सी-१०४: काकू, शिंगांचे पैसे देऊन झालेत.

ए-४०१: न विचारता दिलेत.

डी-२०२: लोकी भाऊ नाही, मग कोण?

बी-३०२: थॉरचा बाप ओडिन, त्याचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ. म्हणजे नात्याने थॉरचा काकाच. बाप फारबाउती, आई लाउफी. सिनेमात लाउफीला राजा आणि बाप करून टाकलंय. सिनेमातली मृत्यूची देवी हेलाही ओडिनची मुलगी नव्हे. मूळ हेल ही लोकीची मुलगी, फेनरिर लांडग्याची बहीण.

डी-२०२: म्हणजे आमच्या पिंट्याला आता "लोकीकाका" म्हणायचं 😄

सेक्रेटरी: शनिवारी हॉलसमोरच्या गाड्या ५ वाजेपर्यंत काढाव्यात ही विनंती.

डी-२०२: साहेब, गाड्यांचा वेगळा ग्रुप आहे.

सेक्रेटरी: तिथे कोणी वाचत नाही.

ए-१०१: प्रयोग शनिवारऐवजी गुरुवारी घेता आला तर बघा. रोमनांच्या ज्युपिटरच्या वाराला उत्तर युरोपातल्या जर्मानिक लोकांनी थॉरचं नाव दिलं, कारण दोघेही गडगडाटाचे देव. त्यावरून थर्सडे. ज्युपिटर म्हणजेच आपला गुरू. मंगळवार ट्यूर देवाचा, बुधवार ओडिनचा, शुक्रवार ओडिनची बायको फ्रिगचा. शनिवारी मात्र सॅटर्न तसाच राहिला. मुलांना हे सांगायला हवं.

सेक्रेटरी: आजोबा, गुरुवारी हॉल दिलेला आहे.

बी-३०२: आजोबा, निवेदनात घेते. 🙏

सी-३०१: स्क्रिप्ट आत्ता वाचली. थॉर अख्खा बैल खातो? आपल्या स्टेजवर हे चालणार नाही. मागच्या वर्षीही सांगितलं होतं, ऐकलं कोणी?

बी-३०२: ताई, ते काढलं तर नाटकच उरत नाही. एक बैल, आठ सामन मासे, बायकांसाठी ठेवलेला सगळा खाऊ आणि तीन पिंपं मीड (मधाची दारू). नवरीची ही भूक बघून थ्रिमला शंका येते. मग करवली झालेला लोकी म्हणतो, "फ्रेया आठ रात्री जेवली नाही, इतकी ओढ होती इकडची!" थ्रिम पदर उचलतो, डोळ्यांतला अंगार बघून मागे सरतो. "आठ रात्री झोपलीही नाही!" टाळ्या तिथेच पडणार आहेत.

ए-१०१: ताटं झाकून आणा, आकडे फक्त बोला.

सी-३०१: बरं. झाकून.

ए-४०१: आणि शिंगं नकोत.

सी-१०४: हे सगळं नक्की लिहिलंय कुठे?

बी-३०२: लग्नाची कथा 'थ्रिम्सक्विदा' या काव्यात. आइसलंडमध्ये १२७० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तलिखितात ते आहे. ते हस्तलिखित डेन्मार्कमध्ये होतं, १९७१ ला परत आलं. दांड्याची गोष्ट आइसलंडचा लेखक स्नोरी याच्या 'एड्डा' या पुस्तकात, १२२० च्या आसपासची. स्नोरी ख्रिस्ती होता. आइसलंडने धर्म बदलून दोनशे वर्षं झाल्यावर लिहितोय, तरी गोष्टी केवढ्या प्रेमाने जपल्यात.
थॉरच्या वेशात हेही हवं: तोंडावर पदर, छातीवर मोठे खडे, गळ्यात फ्रेयाचा ब्रिसिंगामेन हार आणि कमरेला किल्ल्या. तो घरधनिणीचा मान, आपल्या छल्ल्यासारखा. किल्ल्या वाजल्या पाहिजेत, काव्यातही वाजतात. हार दोन आणा. थ्रिमशी लग्नाचं ऐकून फ्रेया फुत्कारते तेव्हा एक तुटतो.

सी-१०४: हातोडा थर्माकोलचा करून चंदेरी स्प्रे मारला, तर कडा विरघळल्या.

डी-२०२: स्प्रेतल्या द्रावणाने थर्माकोल विरघळतोच. पुठ्ठ्याचे नऊ बाय पाच इंचाचे तुकडे एकावर एक चिकटवा, वरून कागदाचे दोन थर, रात्रभर वाळवा, मग पोस्टर रंग. मुठीचा पाइप डोक्यातून आरपार घाला, सहा इंच बाहेर राहू दे, नाहीतर आपटताना डोकं निसटेल. आत वाळू भरू नका.

सी-१०४: वर रून लिपीत काय लिहू? "थॉर"?

बी-३०२: डेन्मार्कच्या लोलान बेटावर सापडलेल्या एका चिमुकल्या हातोड्यावर रूनमध्ये लिहिलंय, "हा हातोडा आहे". तेच लिहा.

सी-१०४: झालं. मूठ सहा इंच. रंग उद्या. फोटो टाकलाय.

बी-३०२: सुरेख! मनापासून आभार, दादा.

ए-४०१: हातोडा छान झालाय. मागे टेबलावर शिंगं दिसतायत.