प्रतिसाद: वालुर क्लबचा दाखला

आइसलँडच्या क्रीडायशाचे सारे श्रेय अलीकडे बांधलेल्या बंदिस्त मैदानांना देणारा मुद्दा मला अपुरा वाटतो, कारण राजधानी रेक्याविकमधील वालुर हा क्लब त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. ख्रिस्ती युवक संघटनेतील मुलांनी १९११ मध्ये फुटबॉलसाठी तो स्थापन केला. ‘वालुर’ म्हणजे ससाणा. पुढे हँडबॉल आणि बास्केटबॉलही त्याच छत्राखाली आले.

सप्टेंबर १९६८ मधला फुटबॉल सामना विशेष सांगावासा वाटतो. काही महिन्यांपूर्वीच युरोपियन चषकाची (युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची) अंतिम फेरी खेळलेला पोर्तुगालचा बेन्फिका संघ आपला विख्यात खेळाडू युसेबिओ याच्यासह रेक्याविकला आला, तेव्हा जेमतेम दोन लाख लोकसंख्येच्या देशात १८,२४३ प्रेक्षक मैदानावर जमले आणि वालुरने बलाढ्य पाहुण्यांना ०-० असे रोखले. परतीच्या लढतीत ८-१ असा पराभव झाला, पण त्या बरोबरीचे मोल माझ्या मते त्याने तसूभरही कमी होत नाही.

हँडबॉलमध्ये १९८० साली युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात हुकलेले युरोपीय विजेतेपद पुरुष संघाने २०२४ मध्ये दुसऱ्या स्पर्धेत, ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला सात मीटरच्या फेकींवर (हँडबॉलमधल्या पेनल्टींवर) हरवून मिळवले; पुढच्याच वर्षी महिला संघानेही स्पेनच्या पोरिन्योला नमवून याच दुसऱ्या स्पर्धेचा महिलांचा चषक जिंकला.