मृग सूर्याचं, चंद्राचं नव्हे

शुक्ल पक्षात पालेभाज्या आणि कृष्ण पक्षात मुळा-गाजर लावायचं, आणि आपले शेतकरी पूर्वापार हेच करत आलेत, असं चंद्राच्या कलांप्रमाणे लागवड करा म्हणणारे सांगतात. पहिल्या भागाबद्दल माझा हट्ट नाही, दुसरा मात्र पटत नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त ही पेरणीची नक्षत्रं सूर्याची आहेत. सूर्य एकेका नक्षत्रात 13-14 दिवस असतो, म्हणून मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतं. त्या दिवशी तिथी कुठलीही असू शकते. एखाद्या वर्षी अमावास्येच्या जवळची, एखाद्या वर्षी पौर्णिमेच्या. म्हणजे आजोबांची पेरणी पावसाच्या वेळापत्रकावर चालायची, चंद्राच्या कलांवर नाही. चंद्राच्या रोजच्या नक्षत्रांची नावंही तीच असल्यामुळे ही गल्लत होते.

कोथरूडला गच्चीवर मी सलग दोन हिवाळे मुळा दोन्ही पक्षांत लावून पाहिला. माती तीच, बियाणं एकाच पाकिटातलं. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे उगवला, दीड महिन्यात काढला, मुळ्यांत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. दोन कुंड्यांचा प्रयोग, त्यामुळे फार मोठा दावा करत नाही. पण तोच मुळा एप्रिलमध्ये लावला तेव्हा नुसता पाला माजला, मुळं बोटाएवढी आणि तिखटजाळ. पुण्यातला उन्हाळा त्याला सोसत नाही. मुळा, गाजर, पालक यांच्यासाठी दसरा-दिवाळीचा काळ धरा. त्या दिवसांत तिथी पाहून लावायचं असेल तर खुशाल लावा, पण तिथीसाठी थंडीचे पंधरा दिवस वाया घालवू नका.