डायोडचा रेझिस्टन्स दर रेंजला वेगळा का येतो?

डिप्लोमा_दुसरंवर्ष:
मंडळी, जर्नलसाठी ४००७ डायोडचा फॉरवर्ड (करंट वाहतो त्या दिशेचा) रेझिस्टन्स मोजायचाय, पण मल्टिमीटरवर २०के (किलोओहम) रेंजला एक आकडा येतो आणि २००के ला भलताच मोठा. नवे डायोड लावून बघितले, तेच. मीटर गेलाय का? आणि लिहू कुठला आकडा?

सोल्डरवाला:
मीटर ठणठणीत आहे रे. ओहमवर मीटर स्वतःच बारीक करंट सोडतो, रेंज बदलली की तो करंट बदलतो, साध्या रेझिस्टरला त्याचं काही नाही पण डायोडच्या आतल्या जंक्शनला आहे. १ मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट धर, म्हणजे ६०० ओहम. १० मायक्रोअँपिअरला व्होल्टेज उतरून फार तर ०.४ होतं, भागून बघ, ४०के! म्हणून आम्ही रिपेअरिंगला डायोड मोडच वापरतो, तो थेट व्होल्टेज दाखवतो. आणि काट्याचा जुना मीटर असेल तर ओहमवर बहुतेक मीटरांत काळी प्रोब पॉझिटिव्ह असते, पोरं तिथेच फसतात.

जंक्शन_३००के:
बरोबर. करंट लिहिल्याशिवाय जंक्शनच्या रेझिस्टन्सला अर्थच नाही, जर्नलमध्ये आकड्याशेजारी करंट लिहाच. वर सांगितलाय तो स्टॅटिक, म्हणजे एकाच करंटला व्होल्टेज भागिले करंट. डायनॅमिक हवा असेल तर सप्लाय आणि सिरीज रेझिस्टर लावून १ आणि २ मिलिअँपिअरला व्होल्टेज घ्या, व्होल्टेजमधला फरक भागिले करंटमधला फरक. ४००७ ला तीसेक ओहम यायला हवा, कुठे ६०० आणि कुठे ३०! पण डायोड बोटात धरू नका, दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतात आणि तुमचा सगळा फरकच तीसेक मिलिव्होल्टचा आहे.

डिप्लोमा_दुसरंवर्ष:
आता कळलं, थँक्यू सर. रिव्हर्सला मीटर काहीच दाखवत नाही, ते कसं मोजू?

जंक्शन_३००के:
मीटर डीसी व्होल्टवर ठेवून सप्लायला उलट्या लावलेल्या डायोडच्या सिरीजमध्येच जोडा. बऱ्याच डिजिटल मीटरचा इनपुट १० मेगाओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर ०.१ नॅनोअँपिअर लीकेज (उलट दिशेने झिरपणारा करंट). स्वस्त मीटरमध्ये १ मेगाओहमच असतो, आधी मॅन्युअल बघा. सप्लायमधून मीटरचं रीडिंग वजा केलं की डायोडवरचं व्होल्टेज, त्याला लीकेजने भागा. काचेचा ४१४८ डायोड असेल तर वर काळी टेप गुंडाळा, ट्यूबलाइटच्या उजेडानेसुद्धा रीडिंग वाढतं.